कुळकर्ण्याच्या दप्तरापासून टॅलीपर्यंत
पेडणे-डिचोलीतील हिशेबनिसांची वाट

आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी चाळली तर कुळकर्णी, नाडकर्णी, पोतदार, फडणीस, सबनीस, शानभाग ही आडनावे भेटल्याशिवाय राहत नाहीत. ही आडनावे म्हणजे आपल्या समाजाच्या जुन्या नोकऱ्यांचे दाखलेच होत. कुळकर्णी गावच्या जमिनीचा आणि साऱ्याचा हिशेब लिही. नाडकर्णी अनेक गावांच्या समूहाचा, म्हणजे नाडाचा, हिशेब पाही. पोतदार नाणी पारखी. फडणिसाच्या ताब्यात कचेरीचे दप्तर असे, तर सबनिसाकडे फौजेची हजेरी आणि पगार. कानडी मुलखात गावच्या हिशेबनिसाला शानभोग म्हणत. शानभाग हे नाव तिथूनच आले. हिशेब लिहिणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांना तो व्यवसायच नाव देऊन गेला.

या मंडळींनी हिशेब शिकला कुठे? त्या काळी वाणिज्य महाविद्यालय नव्हते, पदवी नव्हती, भिंतीवर लावायला प्रमाणपत्र नव्हते. आज पेडण्यातला किंवा डिचोलीतला एखादा मुलगा बारावीनंतर सहा महिन्यांचा अकाउंटिंगचा कोर्स करतो, तेव्हा आपल्यातले पदवीधर वडीलधारे 'नुसता कोर्स केला' असे म्हणून जातात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आपल्याकडे हिशेबाची विद्या नेहमीच थोड्या काळात, कामाच्या जागी आणि कोणाच्या तरी हाताखाली शिकली गेली. तिच्या आड अभ्यासाची लांबी कधी आली नाही. आड आला तो वहीजवळ कोणाला बसू द्यायचे हा प्रश्न.

मोडी, पाढे आणि ओसरी

गोव्यातल्या जुन्या घरांत शेणवीमामाच्या शाळेची आठवण अजून सांगितली जाते. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या मोठ्या घराच्या ओसरीवर मामा मुलांना बसवी. धुळाक्षरे गिरवून झाली की मोडी वळण, मग पाढे. पाढे म्हणजे नुसते बे एके बे नव्हेत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ व्हावे लागत. भात खंडी-कुडवात मोजायचे, नारळ शेकड्यावर विकायचे, व्याज महिन्याला धरायचे, तर हे पाढे म्हणजे त्या काळचा कॅलक्युलेटरच होता. एवढी तयारी झाली की मुलगा वडिलांच्या किंवा मामाच्या शेजारी दप्तर उघडून बसे. रोजची नोंद रोजकीर्दीत, तिथून नावनिशीवार खतावणीत, वर्षअखेरीस तेरीज आणि ताळेबंद हा क्रम तो बघून बघून शिके.

एकनाथ महाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या कचेरीत नाथ हिशेब तपासत होते, एका पैचा मेळ लागेना. रात्र उलटली, चूक सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. कीर्तनकार या कथेतून एकाग्रतेचा बोध काढतात. हिशेबाच्या धंद्यातला माणूस त्यातून आणखी एक गोष्ट वाचतो: पै लहान असते, पण न जुळलेली पै लहान नसते. हा धडा देणारे कोणतेही पुस्तक नव्हते. तो कचेरीतच मिळत होता.

पेडण्याला तर आपला स्वतःचा कुळकर्णी-संत आहे. सोहिरोबानाथ आंबिये यांचा जन्म १७१४ चा. बांद्याचे कुळकर्णीपद त्यांच्याकडे वंशपरंपरेने होते. सावंतवाडीकर भोसल्यांच्या राज्यातला तो हक्क होता आणि त्याला मान होता. नाथांनी तो सोडला आणि वैराग्याची वाट धरली. योगायोग असा की, विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे आणि तिथे वाणिज्य शाखा शिकवली जाते. ज्याने वारशाने मिळालेली लेखणी खाली ठेवली, त्याच्या नावाच्या वास्तूत कुठल्याही घरातले मूल ती लेखणी उचलू शकते.

लिस्बनची शाळा आणि नव्या काबिजादी

डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश १७८० नंतरच्या एकदोन वर्षांत आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. त्याआधी सुमारे तीस वर्षांपूर्वी, १७५९ मध्ये, पोंबाल या पोर्तुगीज मंत्र्याने लिस्बनमध्ये 'आउला दो कोमेर्सियो' नावाची व्यापारशाळा काढली होती. सरकारने चालवलेल्या हिशेबाच्या जगातल्या अगदी पहिल्या शाळांत तिची गणना होते. अंकगणित, वजने-मापे, निरनिराळ्या देशांची नाणी, हुंडी, विमा आणि शेवटी दुनोंदी पद्धतीची वही असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम तिथे होता. दुनोंदी पद्धत त्याआधी अडीच शतके इटलीत रुळलेली होती. १४९४ मध्ये लुका पाचोली या साधूने व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली होती. पोंबालने केलेला नवा विचार एवढाच की, व्यापाऱ्याच्या घरात जन्म न घेताही हिशेब शिकता यावा.

तेच सरकार पेडणे-डिचोलीत आले तेव्हा ही शाळा काही सोबत घेऊन आले नाही. नव्या काबिजादींत जुन्या रूढी पाळू, असे आश्वासन त्याने दिले होते आणि बव्हंशी ते पाळले. १८५३ मध्ये इथल्या रीतिरिवाजांची संहिता केली गेली. गावकऱ्या, म्हणजे ज्यांना पोर्तुगीज 'कोमुनिदाद' म्हणत त्या ग्रामसंस्था, चालू राहिल्या आणि त्यांचे कुळकर्णीही. गावकरीची जमीन पावणी करून खंडाने द्यायची, आलेल्या उत्पन्नातून सरकारचा कर, देवळाचा खर्च, बांध-बंदिस्तीचा खर्च वजा करायचा आणि उरलेले गावकारांत 'झोण' म्हणून वाटायचे. हा सगळा जमाखर्च एका वहीत असे आणि ती वही लिहिणारे बहुधा एकच घर असे.

इथे थोडे थांबून पाहायला हवे. गावातली बहुतेक माणसे निरक्षर होती. कुळाच्या नावावर किती खंड चढला, किती उतरला, हे कुळाला वाचता येत नसे. वहीत असेल तेच खरे. लिहिणारा प्रामाणिक असला तर गाव सुखी. नसला तर दाद मागायला जायचे ते पुन्हा त्याच वहीकडे. अनेक कुळकर्ण्यांनी पिढ्यान्पिढ्या चोख काम केले, यात शंका नाही; त्यांच्या मोडी कागदांवरच आज गोव्याच्या ग्रामजीवनाचा इतिहास उभा आहे. पण एका घराच्या सचोटीवर अख्ख्या गावाने विसंबून राहणे ही व्यवस्था नव्हे, ते नशीब झाले. विसाव्या शतकात कूळकायदे आले तेव्हा हे उघड झाले. १९६४ चा कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कुळाला हक्क दिला, पण तो सिद्ध करायला पावती लागे, एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव लागे. ज्याच्या घरात कागद वाचणारे कोणी होते, त्याचा रस्ता सोपा झाला.

देवळांचेही तसेच. १८८६ मध्ये माझानियांचे नियम झाले, १९३३ मध्ये त्यांच्या जागी नवा देवस्थान कायदा आला. महाजनांनी समिती निवडायची, अंदाजपत्रक करायचे, जमाखर्च प्रशासकापुढे ठेवायचा, ही शिस्त त्यातून आली. आज मामलेदार देवस्थानांचा प्रशासक असतो तो याच कायद्याने. देवळाचा हिशेब खाजगी नाही, तो तपासला जाणार, ही कल्पना आपल्या गावांत रुजायला हा कायदा बराच उपयोगी पडला.

मुंबईची वाट

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना समान नागरिकत्व मिळाले. सरकारी नोकरीची दारे किलकिली झाली. तरी पेडणे-डिचोलीतल्या होतकरू मुलाची नजर पणजीपेक्षा मुंबईकडेच जास्त असे. तेरेखोल ओलांडून सावंतवाडी, वेंगुर्ल्याहून बोट, आणि मग गिरगावातल्या कुणा नातेवाइकाच्या खोलीत पथारी. दिवसा पेढीवर काम आणि संध्याकाळी टायपिंग किंवा बुककीपिंगचा वर्ग, असा अनेकांचा क्रम होता.

त्या काळची मुंबई या विद्येची राजधानीच होती. सोहराब दावर यांनी १९०० मध्ये वाणिज्याचे वर्ग सुरू केले. १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज निघाले. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने कंपन्यांना ठरावीक वह्या ठेवणे आणि त्या पात्र लेखापरीक्षकाकडून तपासून घेणे बंधनकारक केले. तपासनीस लागणार म्हटल्यावर तो तयार करणारी परीक्षाही लागणार. १९१८ मध्ये मुंबई सरकारने जी.डी.ए., म्हणजे हिशेबशास्त्राची सरकारी पदविका, सुरू केली. मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी आणि मग परीक्षा. जुन्या ओसरीवरच्या पद्धतीला दिलेले हे कायदेशीर रूपच होते. फरक एवढाच की शेजारी बसवून घेणारा आता वडील किंवा मामा असण्याची गरज उरली नाही. पुढे १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट कायदा अमलात आला आणि आजची सी.ए. संस्था उभी राहिली. तिनेही उमेदवारी सोडली नाही. आर्टिकलशिप केल्यावाचून आजही सी.ए. होता येत नाही.

खाणीचा हिशेब

गोव्यात याच सुमारास लोहखनिजाचे युग सुरू झाले. १९५० च्या दशकात जपानची मागणी वाढली आणि डिचोली महालातले शिरगाव, मये, पाळे, वेळगे यांचे डोंगर खणले जाऊ लागले. खाण म्हणजे फावडी आणि ट्रक एवढेच लोक पाहतात. पण खाणीवर मातीच्या मागोमाग कागदही तेवढाच निघतो. ट्रकची ट्रीप मोजायची, काट्यावर वजन करायचे, धक्क्यावरचा ढीग मोजायचा, बार्जमध्ये किती चढले ते लिहायचे, मांडवीतून मुरगावला गेलेल्या मालाचा मेळ जहाजाच्या वजनाशी घालायचा. त्यातही ओल्या मालाचे वजन आणि सुक्या मालाचे वजन वेगळे. भाव ठरतो सुक्या टनावर आणि लोहाच्या टक्केवारीवर. पावसाळ्याच्या तोंडाला भरलेल्या बार्जचा हिशेब लावणे हे कुणा नवशिक्याचे काम नव्हे.

या कचेऱ्यांत पहिल्या फळीत बसले ते मुंबईहून परतलेले किंवा स्थानिक शाळेत शिकून इथेच तयार झालेले कारकून. त्यांच्या वाट्याला एक विलक्षण कसरत आली. १९५८ पर्यंत गोव्यात रुपया, टंगा आणि रेईस चालत. सोळा टंगांचा रुपया. १९५९ च्या आरंभी एस्कुदो आला, एका रुपयाला सहा या दराने. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि लवकरच वहीत भारतीय रुपया आणि नवे पैसे आले. चार-पाच वर्षांत एकाच माणसाने तीन चलनांत ताळेबंद जुळवले. पदवी नव्हती, पण कामाने तयार झालेला हात होता.

मुक्तीनंतर शिक्षणाची दारे उघडली. पेडण्यात जन्मलेले आणि स्वतः खाण व्यवसायातून पुढे आलेले भाऊसाहेब बांदोडकर १९६३ मध्ये पहिले मुख्यमंत्री झाले आणि वाड्यावाड्यावर मराठी प्राथमिक शाळा पोहोचल्या. १९६२ पासून मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये निघाली, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ आले. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा १९६२ मध्ये गोव्याला लागू झाला. २००१ मध्ये गोव्याने स्वतःचा कायदा केला. सहकाराबरोबर दरवर्षीचे लेखापरीक्षण आले आणि दूध सोसायटीपासून पतसंस्थेपर्यंत प्रत्येक ठिकाणी हिशेबनिसाची खुर्ची तयार झाली. ज्या घरांत कधी दप्तर नव्हते, त्या घरांतली मुले-मुली या खुर्चीवर बसली. आपल्या गावांतल्या सामाजिक बदलाची ही फार मोठी घटना आहे. तिचा गाजावाजा मात्र झाला नाही.

मग सप्टेंबर २०१२ आला. शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतला दहा टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितले. फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले पट्टेही रद्द झाले. या साऱ्या वादाचा गाभा पाहिला तर प्रश्न हिशेबाचेच होते: किती काढले, किती वाहून नेले, सरकारात किती भरले, गावाच्या वाट्याला काय आले. डिचोलीत ट्रक उभे राहिले, बार्ज नदीत अडकून पडल्या, कर्जाचे हप्ते थकले. ट्रक घेतला तेव्हा घसारा, व्याज, दुरुस्ती आणि खाण बंद पडण्याची शक्यता यांचा आकडा कागदावर मांडणारा माणूस घरात असता, तर काही घरे थोडी कमी बुडाली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

सहा महिन्यांचा दाखला

आता नकाशा पुन्हा बदलतो आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पेडणे तालुक्यात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. त्याच डिसेंबरात राज्याने खाणपट्ट्यांचा लिलाव केला, त्यात डिचोलीचाही पट्टा होता. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर हॉटेले उभी आहेत, तुयेला इलेक्ट्रॉनिक उद्योगांची वसाहत आखली गेली आहे. प्रश्न असा की, या सगळ्यात आपल्या गावातल्या मुलांना रखवालदाराचीच जागा मिळणार की कचेरीतलीही?

कचेरीत शिरायचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे हिशेब. १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आल्यापासून लहानातल्या लहान नोंदणीकृत दुकानालाही ठरल्या वेळी विवरणपत्र भरावे लागते. ते काम करणारा माणूस प्रत्येक बाजारपेठेत हवा असतो. हॉटेलात 'नाइट ऑडिटर' नावाची जागा असते. पाहुणे झोपले की तो दिवसभराची खोल्यांची, जेवणाची बिले जुळवून दिवस बंद करतो. पतसंस्था, पेट्रोल पंप, गोदाम, औषधांचे घाऊक दुकान, देवस्थान, पंचायत, स्वयंसाहाय्य गटांचे संघ, सगळीकडे वही आहे. फक्त ती आता संगणकात आहे.

टॅलीची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. बंगळुरूचे उद्योजक श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवायला मनासारखी प्रणाली मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भारत याने ती स्वतः लिहिली. १९८६ मध्ये सुरू झालेला तो उद्योग आज देशभरच्या दुकानांत पोहोचला आहे. पण टॅली ही वही आहे, विद्या नव्हे. जमा आणि नावे यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याची चूक संगणक फक्त अधिक वेगाने करतो. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असेही नाही. रक्कम बरोबर पण खाते चुकीचे, ही चूक तेरजेत दिसत नाही. आणि आता खाडाखोडही लपत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे, असा नियम आहे. जुन्या दप्तरात कोरी जागा सोडायची नाही, खोडायचे नाही, हे जे शिकवत, तेच हे.

म्हणून लहान कोर्स निवडताना पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तिथे आधी कागदावर रोजकीर्द ते ताळेबंद करून घेतात का. दुसरी, जी.एस.टी., टी.डी.एस., पगारपत्रक आणि बँकेच्या खात्याशी मेळ घालणे हे प्रत्यक्ष करून घेतात का. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, काही महिने खऱ्या कचेरीत बसायला मिळते का. सरकारी कौशल्य योजनांतले अभ्यासक्रम, बारावीची व्यवसाय शाखा, कॉस्ट अकाउंटंट संस्थेचा अकाउंटिंग टेक्निशियनचा दाखला, हे पर्याय आहेत. महाराष्ट्रात सहकार खाते घेत असलेली जी.डी.सी. अँड ए. ही पदविका पदवीनंतर देता येते. ती आणि ठरावीक अनुभव यांवर तिथल्या सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करता येते.

मर्यादाही स्पष्ट असू द्यावी. सहा महिन्यांच्या दाखल्यावर कोणी कंपनीचे ऑडिट करून सही करू शकत नाही, आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. हा दाखला ही जिन्याची पहिली पायरी आहे. नोकरी करता करता बी.कॉम., पुढे सी.एम.ए. किंवा सी.ए. असे वर चढता येते. पण पहिल्याच पायरीवर पाय ठेवायला वर्षानुवर्षांची फी आणि वाट पाहण्याची ऐपत लागत नाही, हे तिचे मोल. खाण बंद पडल्यावर ज्या घरातले उत्पन्न थांबले, त्या घरातल्या मुलीला हा फरक लगेच समजतो.

आपल्यासारख्या मंडळांना यात करण्याजोगे काम आहे आणि त्याला पैसाही फार लागत नाही. आपल्यात निवृत्त बँक अधिकारी आहेत, लेखापरीक्षक आहेत, सरकारी लेखा खात्यातून बाहेर पडलेले सभासद आहेत. कोर्स केलेल्या मुलांना अडते ते अनुभवाच्या रकान्यात. तिथे लिहायला काही नसते. मंडळाचा, गावच्या देवस्थानाचा, वाचनालयाचा, सोसायटीचा जमाखर्च अशा एकेका मुलाने किंवा मुलीने वर्षभर लिहावा आणि आपल्यातल्या जाणत्याने महिन्यातून दोन संध्याकाळी शेजारी बसून तो तपासावा. वर्षअखेरीस सर्वसाधारण सभेत तो ताळेबंद ज्याने लिहिला त्यानेच वाचून दाखवावा आणि सभासदांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. इतके केलेल्या मुलाला मुलाखतीत काय सांगावे हे शिकवावे लागणार नाही, आणि गावाची वही कोण लिहितो हे गावाला समोर दिसेल.